महिनाभराची निळी साडी

मांडवीत समोरासमोर दोन इमारती आहेत. एकीच्या दुसऱ्या मजल्यावर राजश्री नाचणकर राहते, दुसरीच्या दुसऱ्या मजल्यावर मृणाली पाथरे. मधलं अंतर एवढंच, की हिनं फोडणी घातली तर तिला ठसका लागावा. इतक्या जवळ राहणाऱ्या बायकांनी एकमेकींवर जीव तरी लावावा, नाहीतर जळावं तरी. राजश्रीनं दोन्ही केलं. पण खरं सांगायचं तर दुसरं काम तिनं जास्त मन लावून केलं.

राजश्री शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. पंचवीस वर्षं दाखले लिहून तिची नजर अशी तयार झालेली, की एकदा पाहिलेली जन्मतारीख ती विसरत नाही. तीच नजर मृणालीच्या साड्यांवर. गेल्या गौरीला गुलाबी, दसऱ्याला मोतिया, कोजागरीला वांगी रंगाची आणि तिच्या पदरावर बारीक कोयऱ्या. दोन वर्षांत एकही साडी मृणालीनं दुसऱ्यांदा नेसलेली नाही. आणि राजश्रीच्या साड्या? चांगल्या म्हणाव्यात अशा पंधरा-सोळा, आणि त्यातली एकूण एक मांडवीला तोंडपाठ. ती जिन्यातून खाली उतरली की कुणीतरी म्हणणारच, "शुभंकरच्या मुंजीतली ना गो ही? अजून रंग धरून आहे हं!" शुभंकर हा राजश्रीचा मुलगा आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे साडीचं वय तिथल्या तिथे चव्हाट्यावर.

मृणालीचा नवरा जहाजावर. सहा महिने समुद्रात, चार महिने घरी. त्यामुळे तिच्याकडे पैसा असणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलेलं. साडीबद्दल विचारलं तर ती मान किंचित कलती करून म्हणायची, "माझी मामेबहीण आहे ना दादरला, ती पाठवते." ती कलती मान राजश्रीला साडीपेक्षा जास्त सलायची.

दिवाळीत कहर झाला. राजश्री नवीकोरी डाळिंबी साडी नेसून आवारात पणत्या लावायला उतरली. चार बायकांनी पाहिलं, एकीनं पदर हातात घेऊन पोतही बघितला. तेवढ्यात समोरच्या जिन्यातून मृणाली राखाडी रेशमी साडीत उतरली आणि माना अशा वळल्या, की हातातला पदर सुटून पणतीवर पडता पडता वाचला. राजश्रीनं त्याच दिवशी कानाला खडा लावला. यापुढे तिच्याकडे बघायचंच नाही. बघण्याचं सुख तिला द्यायचंच नाही.

आणि हे व्रत तिनं पाळलं. फेब्रुवारीत महिला मंडळाचं स्नेहसंमेलन झालं तेव्हा ती मुद्दाम पहिल्या रांगेत बसली. मृणाली मागे कुठेतरी. मागून "अय्या, काय सुंदर गो!" असे चीत्कार येत होते, राजश्रीची कानशिलं तापत होती, पण मान लचकल्यासारखी ती दोन तास सरळ बसून राहिली. ग्रुपवर चौसष्ट फोटो आले. ते तिनं एकही न उघडता पुसले. इतक्या शिस्तीत जळणं सोपं नसतं.

मार्च संपता संपता केरू कुरिअरवाला मृणालीच्या दाराशी आला, तर दाराला कुलूप. तो जिना उतरून राजश्रीकडे चढला.

"वैनी, समोरच्या वैनींचं पार्सल ठेवता काय? ह्या महिन्याचं आलंय."

"दर महिन्याला येतं?"

"तर! नवीन द्यायचं, जुनं न्यायचं. जुनी पिशवी परत पुण्याला जाते. आत काय असतं ते आपण बघत नाय बुवा."

केरूनं नसेल बघितलं. करड्या रंगाची चेनची पिशवी होती आणि वर लेबल होतं: कपडे तीन, परत करण्याची तारीख अमुक, घरी धुऊ नये, इस्त्री करू नये. पिशवीची चेनसुद्धा इतकी सैल, की राजश्रीनं हातात घेतल्याबरोबर आपसूक चार बोटं सरकली. आत प्लॅस्टिकमध्ये अबोली रंगाची साडी, आणि काठाशी टाचलेला नंबर.

भाड्याच्या! दोन वर्षं मांडवीचे डोळे दिपवणाऱ्या साड्या भाड्याच्या!

त्या संध्याकाळी नाचणकरांकडे कुणी न मागता आंबोळ्या झाल्या, चटणी झाली, वर काळ्या वाटाण्याची उसळ झाली. राजश्री गुणगुणत वाढत होती. पण सकाळी चहा गाळताना आनंदाला आंबूस वास येऊ लागला. भाड्याची असली तरी दिसते तिच्याच अंगावर. भाडं काय कपाळावर लिहिलेलं असतं? आणि असली सोय जगात आहे हे तिला दोन वर्षांपूर्वी कळलं, मला आत्ता. म्हणजे इथेही ती पुढेच. कालपर्यंत राजश्री साड्यांवर जळत होती, आता मृणालीच्या अकलेवर जळायला लागली.

कंपनीचं नाव लेबलावर होतंच. महिन्याचं सभासदत्व, एका वेळी तीन कपडे, महिनाभर ठेवा, नेसा, परत पाठवा. धुणं त्यांच्याकडे. पुढचा महिना भरलात तर तेच ठेवा नाहीतर बदलून घ्या. जेवताना तिनं विषय काढला.

"अहो, साड्या भाड्यानं घेतल्या तर?"

तिचा नवरा दत्तात्रेय मिरजोळ्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर. तो ताटातून मान न उचलता म्हणाला, "नुसत्या साड्या? मंडप, खुर्च्या, जनरेटर असं एकत्र घेतलंस तर स्वस्तात पडेल."

"थट्टा नको हं."

"थट्टा कसली? मला स्टोअरचा हिशेब कळतो. माल आत आला, माल बाहेर गेला. वर्षअखेरीला तू कपाट उघडलंस की शिल्लक काय?"

"फोटो."

"फोटो नेसून बाहेर जाणार?"

"जिथे नेसून जायचं तिथे आधीच जाऊन आलेली असेन ना!"

दत्तात्रेयानं आमटीची वाटी पुढे ओढली. तेवढ्यात पलंगावरून सासूबाई बोलल्या. गोदूबाईंना एरवी कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. "म्हणजे दुसरीनं नेसलेलं नेसायचं होय गो?"

"आई, तुम्हीच सांगता ना, नव्या साडीची घडी मोडायला आधी जावेला द्यायचात म्हणून."

"ती जाऊ होती. तिला खरूज आहे की नायटा, ते मला ठाऊक असायचं."

राजश्रीनं चार दिवस विचार केला. शाळेत एका कोऱ्या दाखल्याच्या मागे तिनं मांडून पाहिलं, की वर्षात आपण खरोखर मिरवतो किती वेळा, आणि महिन्याच्या पैशाला त्यानं भागलं तर एक संध्याकाळ कितीला पडते. आकडा वाईट आला. तो तिनं खोडला, कारण त्यात मृणालीचा चेहरा कसा होईल हे धरलेलं नव्हतं. आणि तिला हवं होतं ते तेवढंच. एकदा, एकच संध्याकाळ, मांडवीनं आधी आपल्याकडे बघावं आणि मृणालीनं ते बघावं. कुसुमकाकूंचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू चार आठवड्यांवर होतं. एक महिना घेऊन बघायचा, नाही पटलं तर बंद.

साडी निवडायला दोन दिवस लागले. मृणालीच्या सगळ्या साड्या पाठ होत्या, त्यामुळे गुलाबी, मोतिया, वांगी, राखाडी एकेक बाद करत ती खाली खाली गेली आणि एका साडीपाशी थबकली. शाईसारखी निळी, काठ केशरी आणि पदरावर हत्तींची रांग, एकाच्या शेपटीला दुसऱ्याची सोंड. ही मृणालीनं नेसलेली नाही हे ती देवापुढे सांगायला तयार होती.

साडी आली. गोदूबाईंनी घडी बघितली आणि पंचांगाशेजारचा करंडा उचलला. "नवी आहे ना? टोकाला कुंकवाचं बोट लावते, मग नेस." राजश्रीनं झडप घालून पदर मागे ओढला, आणि बघते तर टोकाला आधीच एक फिकट गुलाबी ठिपका. पुसायचा प्रयत्न केलेला, पण पुरता न गेलेला. कुठल्याशा शहरातल्या बाईनंसुद्धा सवयीनं भाड्याच्या साडीला कुंकू लावलं म्हणून तिला हसू आलं.

मंगळवारी संध्याकाळी कुसुमकाकूंची बैठकीची खोली बायकांनी भरली होती. चैत्रगौर झोपाळ्यात बसलेली, पुढे कलिंगडाची कमळं, आंब्याच्या डाळीचा वास जिन्यापर्यंत. राजश्री दारात उभी राहिली आणि खरोखरच झालं. एकेक करून सगळ्या माना वळल्या. कोपऱ्यात मृणाली बसली होती, अबोली साडीत, पन्ह्याचा पेला ओठांशी. तो पेला तिथेच थांबला. राजश्रीनं हे डोळे भरून पाहून घेतलं. हे सुख किती टिकलं म्हणाल, तर उंबरठ्यावरून पाटापर्यंत पाच पावलं.

"अय्या, मृणालीताईंची निळी!" श्रद्धा ओरडली. श्रद्धा मंडळाची चिटणीस, फोटो काढणारी तीच.

"कुणाची?" राजश्री म्हणाली.

"मृणालीताईंची. संमेलनाला नेसल्या होत्या ना!" श्रद्धानं फोन पुढे केला. फोटोत मृणाली, तिच्या खांद्यावरून तेच हत्ती, एकाच्या शेपटीला दुसऱ्याची सोंड. अख्ख्या मांडवीत ती साडी न पाहिलेली बाई एकच होती, आणि ती दोन तास मान ताठ ठेवून पहिल्या रांगेत बसली होती.

"मृणालीनं दिली होय नेसायला?" कुसुमकाकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या. "बरं केलंत गो. शेजारणींनी असंच एकमेकींचं नेसावं. आणि तुला बरी दिसते हो."

बरी दिसते! राजश्रीच्या जिभेच्या टोकावर दोन शब्द आले होते: भाड्याची आहे. ते उच्चारले असते तर मृणालीची दोन वर्षं त्या खोलीत भुईसपाट झाली असती. पण मग तुझी कुणाची, हा प्रश्न पुढच्याच श्वासाला आला असता. तिनं मृणालीकडे पाहिलं. मृणालीचा चेहरा खडूसारखा झाला होता. डोळे सांगत होते, नको.

राजश्री गप्प राहिली. चांगुलपणानं म्हणता येणार नाही, तिला दुसरं काही सुचलंच नाही. आणि त्या गप्प बसण्याचं मृणालीनं काय केलं? पेला खाली ठेवला, मान किंचित कलती केली आणि म्हणाली, "अगं हो, मीच म्हटलं नेस. माझ्याकडे नुसती पडून असते. मला बाई देण्यातच आनंद वाटतो."

"मन मोठं आहे हो मृणालीचं," खोली म्हणाली.

राजश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. पैसे हिचे, पिना हिच्या, कंबर आवळून श्वास रोखलेला हिचा, आणि मन मोठं तिचं! ओटीचे भिजवलेले हरभरे आले तेव्हा निळीवर डाग नको म्हणून तिनं पदराऐवजी पर्समधली पिशवी पुढे केली. पलीकडून आणखी एक पिशवी पुढे आली. मृणालीची. दोन वर्षं ही बाई ओटी पिशवीत का घेते, ते राजश्रीला आत्ता समजलं. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनी लगेच गौरीकडे बघितलं.

निघताना कुसुमकाकूंनी मृणालीला थांबवलं. "अगो, राजश्रीकडून परत आली की ती निळी एक दिवस आमच्या ऋतिकाला दे. रविवारी माझ्याकडे केळवण आहे तिचं. पुण्याहून नुसत्या जीन्स घेऊन आल्येय भाची माझी, आणि लग्नातल्या साड्या अजून फॉल-पिकोला."

"हो, देते की," मृणाली म्हणाली. देण्यात आनंद वाटणारी बाई आणखी काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती ओल्या काजूच्या उसळीची वाटी घेऊन राजश्रीच्या दारात उभी.

"परत कधी पाठवायची आहे?" तिनं चप्पल काढता काढता विचारलं. कसली, हे दोघींनाही माहीत.

"शुक्रवारी. महिना संपतो माझा."

"मग मेले मी. काल रात्री शोधली तर दाखवतच नाही. त्यांच्याकडे ती एकच आहे, तुझ्याकडे आहे तोवर दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. पदराच्या टोकाला ठिपका आहे ना?"

"तो तुझा?"

"सवय गं! पिशवीतून काढली, करंडा समोर होता, लावून मोकळी. मग रडकुंडीला आले. लिंबू लावलं, टूथपेस्ट लावली."

राजश्रीला हसू आलं, आणि आपल्याला हसू यावं याचा रागही. "आणि मामेबहीण?"

"आहे ना. दादरलाच आहे. बँकेत आहे."

आतून गोदूबाई खोकल्या. दोघींनी आवाज खाली आणला.

"राजश्री, पुढचा महिना भर ना. पैसे मी देते. रविवारपर्यंत ती जाऊ देऊ नकोस, नाहीतर कुसुमकाकूंना काय सांगू?"

"पैसे नकोत मला."

"मग काय हवं?"

राजश्रीनं उसळीची वाटी ओट्यावर ठेवली, झाकण घातलं, हात पुसले. इतक्या दिवसांचं जळणं तिनं एका प्रश्नात ठेवलं. "खरं सांगायचं. ती साडी जास्त कुणाला शोभली?"

मृणालीनं फ्रीजकडे बघितलं. कॅलेंडरकडे बघितलं. खिडकीतून स्वतःच्या घराकडे बघितलं.

"तुला," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"तुला गं बाई, तुला! मी नेसले तेव्हा श्रद्धानं हळूच विचारलं, ताई, बरं नाही का? निळा रंग मला खातो. काल तू दारात उभी राहिलीस तेव्हा माझं पन्हं घशात अडकलं ना, ते घाबरून नंतर. आधी जळूनच."

दत्तात्रेय कारखान्यातून आला तेव्हा बायको फोनवर पुढच्या महिन्याचे पैसे भरत होती. "पुन्हा? एका संध्याकाळी नेसलीस ना? शिल्लक काय राहिलं?"

"आहे बरंच," राजश्री म्हणाली. त्या दिवशी तिला विचारलं असतं, की हे सभासदत्व परवडतं का, तर तिनं दुप्पट पैसे भरून दाखवले असते. मृणालीच्या तोंडून निघालेला 'तुला' ती रात्री भांडी घासताना, सकाळी हजेरीपत्रक काढताना, पुन्हा पुन्हा ऐकत होती.

रविवारी केळवणाला पानं मांडली होती. पाटाभोवती श्रद्धानं रांगोळी काढली होती. राजश्री आणि मृणाली शेजारी शेजारी बसल्या, दोघीही साध्या सुती साडीत, तृप्त. मग आतल्या खोलीतून ऋतिका आली.

सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरगी. उंच. केस अर्धवट ओले, गळ्यात काही नाही, कानात बारीक काहीतरी. आणि ती निळी. आता काय सांगायचं? तो निळा तिला खात नव्हता की नुसता बरा दिसत नव्हता. तो तिच्यासाठीच रंगवला होता. ती चालली की पदरावरचे हत्ती चालत. बायकांचं बोलणं थांबलं, वाढणाऱ्या बाईचा डाव वरच्या वर थांबला, आणि दारातून डोकावणारे काकूंचे यजमानसुद्धा म्हणाले, "वा!"

"बघा," कुसुमकाकू म्हणाल्या, "साडी कुणासाठी होती ते आज कळलं!"

सगळ्यांनी मृणालीच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मंगळवारी तीच साडी आणखी कुणी नेसली होती हे एकीलाही आठवलं नाही. मृणालीनं कौतुक ऐकलं, पण मान काही कलती झाली नाही. ती खालच्या आवाजात म्हणाली, "हिला द्यायची काय गरज होती गं?"

"तूच देते म्हणालीस."

"तू महिना भरलास."

दोघींनी पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं. ते गोड लागलं नाही.

हात धुवून ऋतिका त्यांच्याकडे आली, पदर सावरत, गालाला खळी पाडत. "मावशी, थँक्यू! कुठून घेतलीत हो? मला ना, लग्नानंतर हीच हवी. हीच. पूजेला नेसेन."

मृणालीनं राजश्रीकडे पाहिलं. राजश्रीनं ऋतिकाकडे, मग त्या हत्तींकडे.

"अगं, बंद झालं ते दुकान," राजश्री म्हणाली.

"हो ना," मृणाली म्हणाली. "कधीच."

ऋतिका हिरमुसून फोटो काढून घ्यायला गेली. राजश्रीनं विड्याचं पान उलगडलं, पण तोंडात घातलं नाही. ही पोरगी पुण्याची. कंपनीही पुण्याची. फोनवर निळी साडी असं नुसतं लिहिलं तरी हिला सापडेल, जर ती तिथे दिसत असेल तर.

"लग्न कधी आहे हिचं?" तिनं विचारलं.

"नऊ मेला. आणि पूजा अकराला."

"आपला महिना एकोणतीसपर्यंत आहे."

मृणालीनं पानाचा देठ खुडला. बोटांवर काहीतरी मोजलं. "मग पुढे गौरी आहेत, मंगळागौर आहे. नव्या नवरीला काय, रोज नेसायला निमित्त." आणि भिंतीकडे बघत, "चालू ठेव तू. अर्धे मी देते."